मडक्यांचा उपास

एप्रिलात आमच्या टेरेसवर टॉवेल वीस मिनिटांत वाळतो. नुसता वाळत नाही, कडक होतो; पापडासारखा दोन्ही हातांनी उचलून आत आणावा लागतो. सासूबाई या दिवसांत खुशीत असतात. साबुदाण्याच्या चिकवड्या, बटाट्याचा कीस, सांडगी मिरच्या, सगळं दोन उन्हांत तयार. आणि त्याच टेरेसच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात, आठ बाय सहा फुटांच्या जागेत, मी गेली सात वर्षं असं एक घर सांभाळते आहे की जिथे काहीही वाळू नये. "एका गच्चीवर एक बाई वाळवते, दुसरी भिजवते," असं नवरा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असतो.

त्या घरात घटपर्णी आहेत, घटांत किडे पकडणाऱ्या वेली. आज मोजल्या तर एकोणीस कुंड्या. आई (म्हणजे सासूबाई) त्यांना 'मडकी' म्हणतात. "तुझी मडकी कशी आहेत?" हा आमच्याकडे सकाळच्या चहाचा प्रश्न असतो.

सुरुवात एका टांगत्या कुंडीने झाली. दिवाळीनंतर एका नर्सरीत शेवंती आणायला गेले होते आणि कोपऱ्यात ती लोंबत होती. हिरवट-लाल, कमरेत बारीक, बोटभर लांबीचे सहा घट. नर्सरीवाल्याने सांगितलं, "ताई, रोज पाणी घाला, महिन्यातून एकदा खत घाला, डास खाईल." यातली तिन्ही विधानं पुढे एकेक करून खोटी ठरली. मार्चपर्यंत सहाही घट वरून खाली तपकिरी होत गेले. नवीन पानं येत होती, पण प्रत्येक पानाच्या टोकाला जो तंतू असतो तो करपलेल्या वातीसारखा काळा पडून तिथेच थांबायचा. झाड जिवंत, घट नाहीत. हत्ती आहे आणि सोंड नाही असं काहीतरी.

घट म्हणजे फूल नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ते पानाचंच टोक. पानाची मधली शीर पुढे तंतू होऊन वाढते, लोंबते, मग टोकाशी वर वळते आणि ते टोक आधी चपटं असतं, वालपापडीच्या कोवळ्या शेंगेसारखं. पंधराएक दिवसांत त्यात कुणी हवा भरावी तसं ते फुगतं. झाकण घट्ट मिटलेलंच असतं. गंमत म्हणजे आतलं पाणी तेव्हाच तयार झालेलं असतं. ते झाडाचं स्वतःचं, पावसाचं नव्हे. मग एका सकाळी झाकण उघडतं आणि पुढचे चार-पाच दिवस तोंडाचा काठ बाहेर वळत राहतो. करंजीला मुरड घालावी तसा तो काठ असतो, बारीक, एकसारख्या रेघांचा. रंग सगळ्यात शेवटी चढतो. हे सगळं व्हायला हवेत ओल लागते. मार्चच्या पुण्याच्या हवेत ती कुठून येणार?

चुका मीच केल्या होत्या असंही नाही. आईंनी त्या कुंडीत चहाचा चोथा घातला होता, शिवाय शेणखताची एक मूठ. प्रेमानेच. त्यांच्या हातची कढीपत्त्याची कुंडी बघितली तर त्यांना दोष देण्याची कुणाची हिंमत होणार नाही. पण घटपर्णीचं बिऱ्हाड मुळात दरिद्री जमिनीवरचं. वाळूचे उतार, धुपून गेलेले कडे, आम्लधर्मी दलदल. मुळांना नायट्रोजन मिळत नाही म्हणून तर पानांनी हा कीटक पकडण्याचा उद्योग आरंभला. कुंडीत भरपूर खत असलं की पानं माजतात आणि घट काढायचं झाड विसरतं. मुळं जळतात ते वेगळंच. पाण्याचंही तसंच. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर त्यात बुडवला तर आकडा ६२० वर गेला. या झाडांना पन्नासच्या आतलं पाणी लागतं. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी घालायला लागले तर तेही नव्वद निघालं. मेकॅनिकने सांगितलं, "मॅडम, चव यावी म्हणून थोडं साधं पाणी मिक्स होतं, तो स्क्रू असतो." तो स्क्रू मी पूर्ण बंद करायला लावला. तेव्हापासून आमच्या घरच्या चहाला चव नाही अशी नवऱ्याची तक्रार आहे. आता पावसाळ्यात पन्हळीखाली दोन निळे ड्रम भरून ठेवते, ते पाणी दिवाळीपर्यंत पुरतं.

आपल्या महाराष्ट्रात घटपर्णी रानात उगवत नाही. कीटकभक्षी वनस्पती मात्र आहेत आणि फार जवळ आहेत. कासच्या पठारावर सप्टेंबरात निळीजांभळी 'सीतेची आसवं' पसरलेली असतात, त्यांच्यापुढे बसून लोक फोटो काढतात. ती फुलं जिची आहेत ती वनस्पती खाली ओल्या मातीत सूक्ष्म पिशव्यांनी किडे गिळत असते. आईंना हे सांगितलं तर त्या क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "सीता रडून रडून शेवटी हेच करणार."

भारतात घटपर्णीची एकच जात, नेपेंथेस खासियाना, आणि ती मेघालयात. गारो लोक तिला 'मेमांग-कोकसी' म्हणतात, म्हणजे भुताची टोपली. खासी भाषेत 'तिऊ-राकोत', राक्षसाचं फूल. हा राकोत आपल्याच राक्षसाचा कुणी लागतो की काय, असं मला उगीच वाटत राहिलं. न उघडलेल्या घटातलं पाणी तिथे डोळ्यांच्या दुखण्यावर घालतात. ही जात आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहे, आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालणाऱ्या साइटीस कराराच्या पहिल्या परिशिष्टातही आहे. म्हणजे आवडली म्हणून पिशवीत घालून आणली असं करायचं नाही. मी आणलीही नाही.

बघायला मात्र गेले. दक्षिण गारो हिल्समध्ये सिमसांग नदीच्या काठी बाघमारा नावाचं गाव आहे. तिथे घटपर्णीसाठी राखून ठेवलेली एक छोटी टेकडी आहे. अभयारण्य हा शब्द ऐकून जे डोळ्यांपुढे येतं त्यापेक्षा फार लहान, चालत पाऊण तासात पालथं घालता येईल एवढंच. आम्ही फेब्रुवारीत गेलो, कारण रजा तेव्हा मिळाली. आणि माझी घोर निराशा झाली. पावसासाठी जगात नावाजलेल्या राज्यात मी उभी होते आणि पायाखालचं गवत कुरकुर वाजत होतं. झुडपांना गुंडाळून वर चढलेल्या वेली, त्यांचे निम्मे घट वरून वाळून कागदासारखे झालेले. उरलेल्यांत चमचा-दोन चमचे पाणी. मी नवऱ्याला म्हटलं, "आजारी दिसताहेत." बरोबर आलेला स्थानिक मुलगा हसला. त्याच्या हिंदीत तो म्हणाला, सर्दी में ऐसा ही होता है, बारिश में आना. मेघालयात हिवाळा कोरडा असतो, चेरापुंजीतसुद्धा तेव्हा पाण्याची ओरड असते. हे मी ऐकलं, मान डोलावली आणि विसरून गेले. तेव्हा लक्षात ठेवलं असतं तर पुढची दोन वर्षं वाचली असती.

परत आल्यावर हरितगृहाचं डोक्यात घेतलं. हरितगृह म्हटलं की आपल्याला वाटतं ऊब. ज्या देशांत ही कल्पना वाढली तिथे ते बरोबरच आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये घटपर्णींचं वेड होतं. चेल्सीच्या व्हीच यांच्या रोपवाटिकेचे लोक बोर्निओपर्यंत जाऊन झाडं आणत. काचेच्या घरांत कोळशाच्या बॉयलरवर तापलेले पाइप फिरवलेले असत आणि अशा घराला 'स्टोव्ह' असंच नाव होतं. पण सगळ्या घटपर्णींना उकाडा आवडत नाही. बोर्निओच्या किनाबालू पर्वतावरची राजा नावाची जात (सारावाकचा गोरा राजा जेम्स ब्रुक याच्यावरून ते नाव पडलं) दीड हजार मीटरच्या वर वाढते. तिच्या घटात तीन लिटरच्या आसपास पाणी मावतं. तिथल्या रात्री स्वेटर घालायच्या असतात. उष्ण कटिबंधातलं झाड म्हणून तिला स्टोव्हमध्ये ठेवणं म्हणजे महाबळेश्वरच्या माणसाला चंद्रपूरला मे महिन्यात नेऊन बसवणं. ढोबळमानाने घटपर्णींचे दोन वर्ग पाडतात, सखल भागातल्या आणि डोंगरावरच्या. पहिल्यांना रात्रीसुद्धा ऊब लागते, दुसऱ्यांना रात्रीचा गारवा मिळाला नाही तर त्या हळूहळू खंगतात.

पुण्यात तर प्रश्नच उलटा. आम्हाला घर गार करायचं होतं, आणि ओलं. फॅब्रिकेटरने जीआय पाइपांचा सांगाडा केला, त्यावर दुहेरी भिंतीचे पॉलिकार्बोनेटचे पत्रे, त्यावर पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तीन वेळा येऊन एकच प्रश्न विचारला, "पाणी गळणार नाही ना?" एका भिंतीत डेझर्ट कूलरचं मधाच्या पोळ्यासारखं पॅड बसवलं, समोरच्या भिंतीत एक्झॉस्ट पंखा. पंखा हवा बाहेर ओढतो, बाहेरची हवा ओल्या पॅडमधून आत येते. एप्रिलच्या दुपारी बाहेर ३९ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असते, तेव्हा पाणी इतक्या हावरटपणे उडून जातं की आतला आकडा २८ वर येऊन थांबतो. मी आईंना हे शास्त्र समजवायला गेले. त्या म्हणाल्या, "अगं, माठ आहे हा. घटात घट." एका वाक्यात विषय संपला. त्याच कूलरचा पावसाळ्यात काही उपयोग नसतो, कारण हवाच भरलेली असते; पण तेव्हा गरजही नसते. खरी पंचाईत डिसेंबरात. पहाटे दहा अंशांवर पारा आला की सखल भागातली मंडळी कुडकुडतात. त्यांच्यासाठी एका शेल्फखाली रोपांना ऊब देणारी चटई टाकली आहे.

मातीच्या जागी नारळाच्या सोडणाचे तुकडे (खारटपणा जाईपर्यंत तीनदा भिजवून), स्फॅग्नम मॉस, परलाइट, थोडा कोळसा. एवढं झालं आणि दोन महिन्यांत पहिल्या झाडाने नवा घट धरला. त्या सकाळी मी ऑफिसला उशिरा पोचले.

मग मी बिघडले. हवेतली ओल म्हणजे घट, हे समीकरण डोक्यात पक्कं बसलं होतं. त्यामुळे धुक्यासारखं पाणी फवारणारा फॉगर घेतला आणि तो दिवसरात्र चालू ठेवला. आर्द्रता सतत नव्वदच्या वर. दार उघडलं की चष्म्यावर धुकं येई. मला अत्यंत समाधान वाटे की पुण्यात मी कायमचा श्रावण आणून ठेवला आहे. झाडं वाढली, घट मोठे झाले, आणि हळूहळू सगळ्यावर शेवाळ चढलं. पानांवर काळे ठिपके आले. मॉसमध्ये चिलटं झाली. राफ्लेसियाना जातीचं एक सुंदर झाड बुडाशी कुजून गेलं. आणि ज्या घटांसाठी हा सगळा संसार, ते आतून जवळजवळ रिकामे. एखादं चिलट, एखादी माशी, बस्स. आईंनीच ते पहिल्यांदा पाहिलं. "मुंग्या फिरकत नाहीत ग तुझ्या मडक्यांकडे. माझ्या गुळाच्या डब्याला रांग लागलेली असते."

भाच्याने मध्येच एका घटात पनीरचा तुकडा टाकला. उपाशी आहे म्हणून. तो तिसऱ्या दिवशी असा काही वास मारायला लागला की मला तो घटच कापावा लागला. त्याला रागावण्याची सोय नव्हती, कारण जोसेफ हूकर या लंडनच्या क्यू उद्यानाच्या मोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने हेच केलं होतं. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, मांस, कूर्चा असे तुकडे घटांत टाकून ते विरघळतात हे त्याने १८७४ साली जाहीर सभेत सांगितलं. हूकर तुकडे लहान घेत असावा.

मुंग्या का येत नाहीत याचं उत्तर मला एका शोधनिबंधात सापडलं. घटाचा तो मुरडीसारखा काठ कोरडा असताना निसरडा नसतो. मुंगी त्यावरून सहज चालते, मध चाटते. काठ ओला झाला की त्या बारीक रेघांमध्ये पाण्याचा पातळ थर धरून राहतो आणि पाय टिकत नाहीत, पावसात रस्त्यावर मोटारीचं चाक तरंगतं तसं. हे होल्गर बोन आणि वॉल्टर फेडर्ले यांनी २००४ मध्ये दाखवलं होतं. पण मग काठ सतत ओला असेल तर झाडाचा फायदाच नाही का? २०१५ मध्ये उलरिके बाउअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच प्रश्नाचा पिच्छा पुरवला. काही घटांचे काठ त्यांनी मुद्दाम सतत ओले ठेवले. त्या घटांत मुंग्या कमी पडल्या. कारण मुंग्यांची रीत अशी की आधी एखाददुसरी टेहळणीला येते. ती पहिल्याच फेरीत घसरून आत गेली तर वारुळात बातमी कोण देणार? कोरड्या वेळात ती मध खाते, सुखरूप घरी जाते, चाळीस जणींना घेऊन येते. आणि मग हवा पालटते.

वाचता वाचता मला बाघमाऱ्याचं कुरकुरणारं गवत आठवलं. आणि श्रावणही आठवला, खरा श्रावण, ज्यात सर येते आणि लगेच ऊन पडतं. मी जो करून ठेवला होता तो श्रावण नव्हता, तो बाथरूम होता.

फॉगरला टायमर लावला. संध्याकाळी सातनंतर आणि पहाटे ओल, सकाळी दहा ते संध्याकाळी सात फॉगर बंद, फक्त कूलर आणि वारा. आर्द्रता दुपारी पंचावन्न-साठपर्यंत उतरू देते. पहिले काही दिवस जीव खालीवर झाला, दुपारी ऑफिसमधून फोन करून आईंना आकडा वाचायला सांगायची. दोन घट वरून सुकले. पण ठिपके थांबले, शेवाळ मागे हटलं. पुढे जूनमध्ये एका रविवारी मी आत स्टूल टाकून बसले होते, तेव्हा दाराच्या फटीतून एक काळी मुंगी आली.

नवं राफ्लेसियाना दाराजवळच होतं. ती तंतूवरून चढली, घटाच्या पोटावरच्या दोन झालरींच्या मधल्या वाटेने वर गेली, काठावर थांबली. झाकणाच्या आतल्या बाजूला मधाचे बारीक थेंब असतात, तिथे उलटी लटकून ती बराच वेळ काहीतरी करत होती. मग खाली उतरली, आली तशी गेली. अर्ध्या तासात सहा-सात जणी आल्या. तीन वाजेपर्यंत दारापासून घटापर्यंत रांग होती. चार वाजता टायमरची वेळ नव्हती, पण आभाळ भरून आलं, पत्र्यावर पाऊस वाजायला लागला आणि दारातून गार, ओली हवा आत शिरली. काठ चमकायला लागला. एक मुंगी वळली, मागचा पाय सुटला, पुढच्या पायांनी तिने रेघ धरायचा प्रयत्न केला आणि गेली. पाठोपाठ दुसरी. आतला द्रव साध्या पाण्यासारखा नसतो. मी एकदा चिमटीत घेऊन बघितला होता, बोटं लांब केली की तार सुटते, अगदी एकतारी पाक. मुंगी त्यात जितकी पाय झाडते तितकी अडकते. मला वाईट वाटलं का? वाटलं. उठून दार लावावंसं वाटलं, पण उठले नाही.

आईंना रात्री सगळं सांगितलं. त्या शाकाहारी, एकादशी करणाऱ्या. गुन्ह्याची हकीकत ऐकावी तशी त्यांनी ऐकली आणि म्हणाल्या, "म्हणजे दिवसा उपास आणि रात्री पारणं. बरोबर आहे. सारखं तोंड चालू ठेवलं तर कोण येईल पानावर?"

विकायला येणाऱ्या घटपर्णी आता बहुतेक संकरित असतात, टिश्यू कल्चरने किंवा फांद्या लावून वाढवलेल्या. हे बरंच आहे. बोर्निओतल्या कालिमंतानमधल्या केलाम नावाच्या एका खडकाळ डोंगरावरची क्लिपिएटा नावाची जात हौशी लोकांच्या हव्यासापायी रानातून जवळजवळ संपली. त्यामुळे कुणी मला "रानातलं मूळ झाड आहे, स्वस्तात देतो" म्हणालं की मी फोन ठेवते. माझ्याकडच्या काही कुंड्यांना तर नावही नाही, नुसती 'लाल-हिरवा संकर' अशी चिठ्ठी आहे.

त्यातल्याच एका बिननावाच्या वेलीला यंदा, सहाव्या वर्षी, फुलोरा आला. घटपर्णीत नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि फुलेपर्यंत काही कळत नाही. बोटभर काडीवर बारीक, तपकिरी, कुणाच्याही लक्षात येणार नाहीत अशी फुलं. वास जुन्या भिजल्या गोणपाटाचा. सगळ्या गच्चीची शोभा घट करतात आणि फुलाच्या वाट्याला हे. भिंग लावून पाहिलं तर प्रत्येक फुलात पिवळा गोळा. नर.

"पेढे की बर्फी?" आईंनी दारातूनच विचारलं.

"पेढे," मी म्हटलं.

केरळात घटपर्णी वाढवणाऱ्या एका बाईकडे मादी आहे, तिची काडी अजून वाढतेय, फुलायला तीन-चार आठवडे लागतील असं ती म्हणाली. तोवर पराग टिकवायचे तर वाळवून फ्रीजरमध्ये ठेवायला हवेत. वाळवणं हे माझं खातंच नाही. मी पराग बटरपेपरवर झटकले आणि कागद घेऊन सरळ आईंकडे गेले. त्यांनी आधी विचारलं, किती दिवस टिकवायचंय. मग कागद माझ्या हातून घेतला, उन्हाकडे बघून मान हलवली आणि आतल्या खोलीत नेला. "हे सावलीत, कसुरी मेथीसारखं. पंखा बंद कर, उडेल." औषधाच्या बाटलीतली सिलिकाची पुडीही त्यांनीच कुठूनशी शोधून काढली.

आता ती घडी फ्रीजरमध्ये जानेवारीतल्या मटारांच्या डब्यावर आहे. मटार काढताना ती आधी बाजूला ठेवायची, मग परत वर ठेवायची. आईंनी तिच्यावर स्केचपेनने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय: 'मुलाकडचं. खाऊ नये.'